पोटाचा आजार

मुंबई
१४ नोव्हेंबर २००५

ती. सौ. कुंदाकाकूस,
शाल्मलीचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीला महागावला आले नाही म्हणून तू रागावली असशील. बाबांबरोबर पाठवलेले अनारसे पोचले. अर्धे प्रयोगशाळेत वाटावे लागले, उरलेले कपाटात लपवले आहेत.

आज कामासाठी लिहिते आहे. आमच्याकडे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर अभ्यास सुरू झाला आहे. हा आजार एका विषाणूमुळे होतो. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि संसार केलेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी लागतोच. पण बहुतेकींचं शरीर तो वर्षा-दोन वर्षांत झटकून टाकतं. थोड्या जणींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या काहींना कर्करोग होतो. त्यांनाच का, हा आमचा प्रश्न. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत बारीक बारीक फरक असतात. त्यातल्या एखाद्या फरकामुळे शरीर विषाणूपुढे कमी पडतं की काय, ते शोधतो आहोत.

मोठी आत्या याच आजाराने गेली हे मला तिच्या मुलीकडून कळलं आहे. आजीचं विचारलं तर बाबा म्हणतात, "पोटाचा आजार होता." कुठला, ते त्यांनाही सांगता येत नाही. तू तिचं सगळं केलंस, तुला ठाऊक असणार.

आजीलाही तोच असेल तर आपलं घर या अभ्यासासाठी फार मोलाचं आहे. इंदूआत्या, तिच्या दोघी मुली, मोठ्या आत्याची मुलगी, सगळ्यांना यवतमाळच्या दवाखान्यात आणता येईल का? दंडातून थोडं रक्त आणि एक आतली तपासणी. पाच मिनिटांचं काम. मात्र रक्ताच्याच बायका हव्यात. सुना नकोत, त्यांचं रक्त वेगळं, आमचा मेळ बिघडतो. तुला फक्त सगळ्यांना गोळा करायचं आहे. ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार?

काकांना नमस्कार. अनिकेतला आणि मितालीला आठवण सांग.

तुझी,
शाल्मली

*

महागाव
२ डिसेंबर २००५

चि. शाल्मलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. या विषयावर घरी फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत आहे आणि तुझे काका, अनिकेत, आलागेला, सगळे तिथेच बसतात. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाक. शिपाई थेट माझ्या वर्गात आणून देतो.

सासूबाईंना तोच आजार होता. मागच्या खोलीत त्या आठ महिने होत्या. कपडे मी धुवायची, खोलीत ऊद जाळायची. वास लपत नसे, पण कुणी त्याबद्दल बोलतही नसे. डॉक्टर काय म्हणाले ते फक्त मला आणि तुझ्या आजोबांना माहीत. सासूबाईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "कुंदा, पोट म्हण. विचारलं कुणी तर पोट म्हण." तेव्हापासून आपल्या घरात पोटच म्हणतात. मोठ्या वन्संच्या वेळीही मी तसंच म्हटलं होतं. तुला आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

आता तुझ्या कामाचं. मी बोरी अरबला जाऊन आले. इंदूवन्सं पहिल्यांदा अंगावरच आल्या.

"मी नाही येत. या वयात परक्या माणसापुढे काय दाखवायचं राहिलं माझं?"

म्हटलं, बाईच डॉक्टर आहे.

"मग तर नाहीच. बाई घरी जाऊन दुसऱ्या बाईला सांगते."

त्यांच्या मुली खाली मान घालून हसत होत्या. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, हे चालचलणुकीचं नाही. हे रक्तातून येतं. जसे तुमच्या घरचे घारे डोळे." शाल्मली, तुला खोटं वाटेल, पण एवढं म्हटल्यावर बाईचा चेहराच बदलला. रक्तातून आलेल्या गोष्टीची लाज कसली? आता त्या उलट लेकींनाच दटावून राहिल्या आहेत.

मिताली येऊ का म्हणत होती. तिला म्हटलं, तुझं काय काम, हे आमच्या घरच्या लेकींचं आहे, तू स्वयंपाकाचं बघ. जरा हिरमुसली. नवीन सून, सगळ्यात पुढे यायला बघते.

तुझे काका सध्या रोज कुठल्या ना कुठल्या गावी असतात. ज्या घरी शेतकऱ्याने फवारणीचं औषध पिऊन जीव दिला त्या घरी तहसील कचेरीतून चौकशीला जावं लागतं. परत आले की पायावर पाणी घेतात आणि न बोलता जेवतात. त्यांना मी जीप ठरवायला सांगितली आहे. कशासाठी, ते विचारलं नाही त्यांनी.

एक विचारायचं होतं. ज्या बाईच्या रक्तात हे नाही, तिला जर झालं, तर ते फक्त त्या विषाणूमुळेच झालं असं म्हणायचं का? शाळेत बायका काही विचारतील तर सांगता यावं, म्हणून.

तुझी,
काकू

*

मुंबई
२० डिसेंबर २००५

ती. काकूस,
सा. न.

काकू, तू कमाल आहेस! आमच्या सरांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आजीचा भाग नाही, घाऱ्या डोळ्यांचा. ते म्हणाले, या बाईंना आपल्याकडे नोकरी द्या.

तारीख ठरली: २९ जानेवारी, रविवार. मी येऊ शकत नाही, आमची एक सहकारी नागपूरहून येईल. तिला सगळं माहीत आहे.

तुझा प्रश्न चांगला आहे, पण तो आमच्या अभ्यासात येत नाही. रक्ताचा भाग नसेल तर अर्थातच विषाणू, म्हणजे संसर्ग, हेच कारण. शाळेतल्या बायकांना एवढं सांगितलंस तरी पुरे.

घाईत आहे. सविस्तर नंतर.

शाल्मली

*

महागाव
६ फेब्रुवारी २००६

चि. शाल्मलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काम पार पडलं. त्या मुलीने फोन केला असेलच, पण तिने फक्त नळ्या पाहिल्या. बाकीचं मी सांगते.

जीप मिळता मिळेना. जी ती गाडी कापसाच्या मागे. खरेदी केंद्रापुढे ट्रॅक्टर आणि बैलबंड्यांची रांग पार नाल्यापर्यंत होती, माणसं गंजीवरच झोपून राहिली होती. शेवटी शाळेच्या अध्यक्षांची जीप मागून आणली. निघताना आपल्या दूधवाल्या मानीबाई समोर उभ्या. लेक यवतमाळला दिली आहे, तिच्याकडे जायचं होतं. आधी जीपमध्ये बसल्या आणि मग विचारलं, "येऊ काय?"

दारव्ह्यापाशी इंदूवन्सं आणि लेकी चढल्या. वाटेत वन्संनी मानीबाईला आपण कुठे निघालो ते स्वतःच सांगितलं, अगदी तोऱ्यात. "आमच्या घराण्याच्या रक्ताची तपासणी आहे. मुंबईहून मागणी आली." जणू राजघराणंच.

मानीबाई म्हणाल्या, "रक्त घेते, तं बदल्यात काय देते?"

"काही नाही."

"मंग आमचं दूध महाग हाय."

दवाखान्यात एकेक जण आत गेली. वन्सं आत जाताना देवाचं नाव घेत होत्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "एवढ्यासाठी होय?" त्यांच्या धाकटीने तर आपल्या शेजारणीलाही पाठवते म्हणून सांगितलं. मी बाहेर बाकावर होते. सगळ्यांच्या पर्स, बांगड्या, चष्मे माझ्या मांडीत. नर्स येऊन विचारायची, "आणि तुम्ही?" मी म्हणायची, मी सोबत आले आहे.

मानीबाई लेकीकडे न जाता तिथेच बसून होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी काहून नाई गेल्या आत?"

म्हटलं, "मी बाहेरची आहे. सून."

"आता वो माय! तीस सालं चूल फुकली तरी बाहेरचीच? आमच्या तांड्यातली म्हस बरी तुमच्यापक्षी. दुसऱ्या सालीच घरची होते."

मी हसले. दुसरं काय करणार?

मोठ्या वन्संच्या मुलीच्या तपासणीत थोडं काही दिसलं म्हणून तिला पुन्हा बोलावलं आहे. वेळेत सापडलं, साध्या उपायाने निघेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती रडली नाही. म्हणाली, "आईचंच आलं." हे तुझ्यामुळे झालं, तुला पुण्य लागेल.

येताना रस्त्याने कंबर जरा धरली. वय झालं, दुसरं काही नाही.

काकू

*

मुंबई
१८ एप्रिल २००६

ती. काकूस,
सा. न.

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले, मी उत्तर दिलं नाही. माफ कर. आपल्या घरच्या नमुन्यांतून पहिली आकडेमोड झाली. जूनमध्ये दिल्लीच्या परिषदेत मला ती मांडायची आहे. आभाराच्या यादीत मी तुझं नाव घातलं आहे: श्रीमती कुंदा, महागाव. सर म्हणाले, नातेवाइकांचं घालत नाहीत. मी म्हटलं, माझ्या अभ्यासाच्या हिशेबाने ती नातेवाईक नाही. बघ, तुझ्या सून असण्याचा असाही उपयोग झाला.

अनिकेत फोनवर म्हणाला की तू शाळेतून रजा घेतलीस. ऊन बाधलं का? कंबरेचं दाखवून घे कुणाला तरी.

शाल्मली

*

मुंबई
१० जुलै २००६

काकू, दिल्लीहून परत आले. तुझं पत्र नाही. घरी फोन केला तर मिताली म्हणते, "आई झोपल्या आहेत." दोनदा केला, दोनदा झोपली होतीस. दुपारी झोपणारी बाई तू नव्हेस. दोन ओळी तरी टाक.

शाल्मली

*

महागाव
९ सप्टेंबर २००६

चि. शाल्मलीस,
मधुसूदनचे आशीर्वाद.

तुझी पत्रे शाळेतून घरी आली. मी उघडली नाहीत. तुझ्या काकूची प्रकृती काही दिवसांपासून बरी नाही. तुला कळवू नये असे तिचे म्हणणे होते, म्हणून कळवले नाही. अशक्तपणा फार आहे. उठबस होत नाही. गावातल्या डॉक्टरांचे औषध चालू आहे.

पोटाचा आजार आहे.

काळजी नसावी. तुझ्या बाबांस, चारुदत्तास, सांगण्याची आवश्यकता नाही.

तुझा,
मधुसूदनकाका

*

मुंबई
१३ सप्टेंबर २००६

काकू,

काकांचं पत्र आज मिळालं. त्यातली मधली ओळ मी उभ्याउभ्याच वाचली. त्या ओळीचा आपल्या घरातला अर्थ तूच मला लिहून कळवला होतास.

तुझं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढलं. शाळेतल्या बायकांसाठी म्हणून तू विचारलं होतंस. मी लिहिलं, आमच्या अभ्यासात येत नाही. दोन ओळींत तुला बाजूला केलं, त्याही घाईत. तू बाकावर बसलीस ती मी बसवलं म्हणून. आमची ती सहकारी आत होती, डॉक्टर आत होत्या, तुझ्या आणि टेबलाच्या मधे एक पडदा होता. मी लिहिलं होतं, सुना नकोत.

जे उत्तर द्यायला हवं होतं ते आता देते. रक्तात काही असो वा नसो, विषाणू कुठल्याही बाईला लागतो. एकदाच लग्न केलेल्या, घराबाहेर न पडलेल्या बाईलाही. कधी लागला, कुणाकडून, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही, आणि त्यावरून कुणाच्या वागण्याबद्दल काही ठरत नाही. जनुकांतले ते फरक धोका थोडा इकडेतिकडे करतात, एवढंच. त्यावरून कुणाला तपासायचं आणि कुणाला नाही असं ठरवायचं नसतं. प्रत्येकीला तपासायचं असतं. हे मला त्याही दिवशी माहीत होतं. तरी मी लिहिलं नाही.

मी शनिवारी पोचते. रविवारी आपण नागपूरला जाऊ. तू नको म्हणालीस तरी.

शाल्मली

*

नागपूर
२६ नोव्हेंबर २००६

चि. शाल्मलीस,
अनेक आशीर्वाद.

तू आलीस, मला उचलून इथे आणलंस, दहा दिवस राहिलीस, आणि त्या दहा दिवसांत आपण चहा-औषधाशिवाय काही बोललो नाही. तू माझ्याकडे बघत नव्हतीस आणि मी तुझ्याकडे. तोंडाने बोलणं मला जमत नाही. पत्रात जमतं, म्हणून लिहिते.

किरणांचे शेक घेऊन झाले. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या पायरीवर होतं, आधी आला असता तर सोपं गेलं असतं, तरी आशा चांगली आहे. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला सुरुवात झालेली होती. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. सासूबाईंचं मी पाहिलं होतं, त्यामुळे ओळखलं. तुझ्या पत्रात वाचलं, सुना नकोत. तुला वाटतं त्या ओळीने मला बाकावर बसवलं. तसं नाही गं. ती ओळ वाचून मला बरं वाटलं. कुणी मला आत जा म्हणणार नव्हतं.

इंदूवन्संना, लेकींना मीच रक्ताचा आडोसा करून दिला. त्या आडोशामागून त्या ताठ मानेने आत गेल्या. मला कसला आडोसा होता? मी त्या घरच्या रक्ताची नाही. मला झालं म्हणजे ते बाहेरून आलं. म्हणजे एक तर माझ्यात खोट, नाहीतर तुझ्या काकांच्यात. माझ्यात नाही हे मला माहीत. मग उरलं कोण? ते रोज चौकशीहून येऊन पायावर पाणी घ्यायचे आणि मी तांब्या धरून उभी राहून त्यांच्याकडे बघायची. नोकरीच्या सुरुवातीला ते तीन वर्षं पुसदला एकटे राहत होते. तीस वर्षांत जे कधी मनात आलं नाही ते रोज यायला लागलं. त्यांनाही माझ्या नजरेतलं कळलं असावं. ते दुसऱ्या खोलीत झोपायला लागले. शाल्मली, रोगापेक्षा त्या नजरेची लाज मला जास्त वाटते. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही त्याला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं!

तू परत गेल्यावर इथल्या डॉक्टरांपुढे आम्ही दोघे बसलो होतो. मी काही बोलायच्या आत यांनीच विचारलं, "साहेब, हे माझ्यामुळे झालं काय?" डॉक्टर वरसुद्धा न बघता म्हणाले, "काका, कधीचा विषाणू आणि कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तुम्ही गुन्हेगार शोधायला आलात की बाईला बरं करायला?" हे म्हणाले, "बरं करायला." मग बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांना पुसदबद्दल विचारलं नाही. आता विचारणारही नाही. शेक घ्यायला मी आत जायची तेव्हा माझी पर्स, बांगड्या, चष्मा घेऊन ते बाकावर बसायचे. मानीबाई असत्या तर काहीतरी बोलल्याच असत्या.

मिताली मागच्या रविवारी आली होती. तिला मी हाताशी धरून तपासणीच्या खोलीत नेलं. ती म्हणाली, "आई, तेव्हा तर तुम्ही नको म्हणालात." मी तिची पर्स घेतली. तिचं सगळं चांगलं आहे.

आता शेवटचं. परवा एक नवीन नर्स माझी माहिती विचारत होती. घरात आधी कुणाला होतं का? मी सांगितलं, सासूबाईंना, मोठ्या वन्संना. ती म्हणाली, "आजी, ते तुमच्या रक्ताचे नाहीत. तुमच्या माहेरचं सांगा."

तुझी पत्रं, तो अभ्यास, ती जीप, एवढं सगळं झालं, पण माझ्या माहेरचं कुणी विचारलं नव्हतं. तू नाही, मीही नाही. सुनेलाही रक्त असतं, शाल्मली. तिच्या आईकडून आलेलं.

माझी आई मी नववीत असताना गेली. फुलसावंगीच्या घरी मागच्या खोलीत होती. आम्हा बहिणींना आत जाऊ देत नसत. दारातून उदाचा वास यायचा. आम्हाला सांगितलं होतं, पोटाचा आजार.

सासूबाईंच्या खोलीत आठ महिने मी स्वतः ऊद जाळला, तरी मला तो वास ओळखू आला नाही. की आला होता आणि मी ओळख दिली नाही, कोण जाणे.

माझी धाकटी बहीण नलू अजून फुलसावंगीलाच आहे. तिला दोन मुली, एक सून. काल इथल्या बाकावर बसूनच मी तिला पत्र लिहिलं. आजाराचं पूर्ण नाव घातलं, एक शब्द गाळला नाही. लिहून झाल्यावर कान गरम झाले, पाकीट दोनदा उघडलं. मग हे उठले, चष्मा लावून पत्ता वाचला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

तुझी,
कुंदाकाकू